पडल्यामुळे नाही

आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही, ते आधीच लिहून टाकतो. म्हणजे मग मला मागे फिरता येणार नाही. एका आईनं मला विचारलं होतं, "माझ्या हातून पडली, म्हणूनच झालं ना हे?" आणि मी म्हणालो होतो, "असू शकतं."

असू शकत नव्हतं. मला ते पक्कं माहीत होतं. तिच्या पोरीचा उजवा पाय, ती पोर तिच्या मांडीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून तसा होता. आणि तो तसा आहे हे तिच्यापासून लपवणारा मीच होतो.

मी फिजिओथेरपिस्ट. ऐंशीच्या दशकात आमच्या चंद्रपूरकडे हा शब्द कुणाला धड म्हणता येत नसे. ऊर्जानगर म्हणजे वीज केंद्राची वसाहत, तिच्याजवळ एका खाजगी दवाखान्यात मी काम करायचो. वीज केंद्रातले फिटर, कोळशाच्या पट्ट्यावरचे मजूर, कुणाचा खांदा, कुणाची कंबर. लोक मला 'हातपायवाले डॉक्टर' म्हणत. एक म्हातारा ऑपरेटर तर सरळ 'मालिशवाले' म्हणे, आणि मालिश झाली की, "भाऊ, तुमच्या हाताले जादू आहे, पण डिग्रीले काई अर्थ नाई," असंही म्हणे. मला राग येत नसे. माझे हात चांगले होते, हे मला ठाऊक होतं. आजही आहेत. या लिखाणात मी बऱ्याच गोष्टींबद्दल मान खाली घालणार आहे, हातांबद्दल नाही.

माझ्याबरोबर नागपूरला शिकलेले दोघं त्याच काळात परदेशी गेले. तिकडे अनाथालयातल्या तान्ह्या मुलांवर काम करतात, स्वयंसेवक म्हणून, अशी त्यांची पत्रं यायची. मला ते फार मोठं वाटे. मग एकदा कुरखेड्याच्या बाजूचा एक सरकारी डॉक्टर पाठदुखी घेऊन माझ्याकडे आला. टेबलावर पालथा पडल्या पडल्या तो म्हणाला, "आमच्या तिकडे एक शिशुगृह आहे. मी जातो कधीमधी तपासायला. लेकरं खातात, पितात, वजनही बरं आहे. पण बसत नाहीत रे. वर्षावर्षाची झाली तरी बसत नाहीत. तू येऊन बघ की."

म्हटलं चला, आपला परदेश कुरखेड्याला.

शनिवारी दुपारी एसटी धरायची, संध्याकाळी पोचायचं, रविवारभर काम, मग परत. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. रस्ते मात्र जुनेच होते. मोहाच्या दिवसांत बसमध्ये टोपल्या चढत आणि खिडकी उघडी असली तरी आत तो गोडसर, आंबूस वास भरून राही. मी काही समाजसेवेच्या उमाळ्यानं जात नव्हतो, हेही आताच सांगतो. मला ती बस आवडायची. कुणीतरी आपली वाट बघतंय, हे आवडायचं.

शिशुगृह म्हणजे कौलारू इमारत, पुढे व्हरांडा, आणि आत आढ्याला ओळीनं बांधलेल्या झोळ्या. प्रत्येक झोळीत एक लेकरू. सगळं स्वच्छ होतं. आणि शांत. इतकी लहान मुलं एका खोलीत असून इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. रडून कुणी पटकन येत नाही, हे कळलं की लेकरं रडायचं सोडून देतात. तिथं सांभाळणाऱ्या मावश्या दोनच होत्या, त्या तरी किती झोळ्यांपर्यंत पोचणार? मोठी मावशी जवळच्याच गावची, धानाची शेती असलेल्या घरातली. दुसरी तिची भाची. मी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "झोळ्या सोडा. दिवसा सगळ्यांना खाली घाला."

मोठ्या मावशीनं कमरेवर हात ठेवले. "खाली मुंग्या आहेत जी."

"मग मुंग्यांचं बघू."

"तुमी बघसान का? का मीच बघू?"

शेवटी चटयांच्या कडेनं हळदीची रेघ ओढायची असं ठरलं. रेघ रोज मावशी ओढे आणि रोज म्हणे, "लेकराईचं काई होवो, चटईचं लगन लागून राह्यलं." पण ती ओढायची. सामान काही नव्हतं. दवाखान्यात असतात तशा गुंडाळ्या, उतार, आरसे, काहीच नाही. उशीच्या खोळीत धानाचं तूस भरून मी लांबट उशा शिवून घेतल्या. लेकराला त्यावर पोटावर ठेवायचं, म्हणजे छाती वर येते, हातावर भार पडतो. तूस सरकतं, त्यामुळे लेकराला जरा सावरावं लागतं. विकतच्या गुंडाळीत ते होत नाही. मी आजही तुसाच्याच उशा वापरतो.

रांगायला शिकवण्याची युक्ती तिथंच सुचली. चटईच्या टोकाला मावशी बसे. तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत. तिनं हात हलवला की त्या वाजत, आणि ज्या लेकराला सगळ्यात आधी मान वळवून बघता आलं त्याला ती उचलून घेई. काही आठवड्यांत तो आवाज सगळ्या खोलीला कळला. बांगड्या वाजल्या की कुणीतरी उचलून घेतं. पोटावर सरपटणारी, बसल्या बसल्या घसरत येणारी, लोळत येणारी, सगळी त्या आवाजाकडे निघत. आणि रडूही लागली. मावशी म्हणाली, "घ्या, झालं ना समाधान? आता भोगा." मी हसलो. इतकं छान रडणं मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही.

त्यांत एक पोरगी होती. तिथल्या सगळ्यांत मोठ्या डोळ्यांची. ती बांगड्यांकडे निघे ती डाव्या हातानं. उजवा हात मुठीत, अंगठा आत. उजवा पाय चवड्यावर ताठ. जन्माच्या आगेमागे मेंदूच्या एका बाजूला इजा झाली की शरीराची उलटी बाजू अशी आखडते. तिला ते अगदी थोडं होतं. दुसऱ्या कुणाच्या नजरेला आलंही नसतं. मला मात्र पहिल्याच रविवारी दिसलं, आणि मी तिच्यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवू लागलो. गोणपाटाच्या तुकड्यानं तळहात चोळला की मूठ सुटायची आणि थोडा वेळ सुटलेली राहायची. तेवढ्या वेळात तिला हातावर रांगवायचं. मला खात्री होती, ही चालणार. थोडी लंगडेल, पण चालेल. शाळेत जाईल. फक्त रोज कुणीतरी तिचे हातपाय हलवले पाहिजेत, आणि ते कुणीतरी घरातलं पाहिजे. आठवड्यातून एकदा येणाऱ्या माझ्यासारख्यानं ते होत नाही.

पण असली मुलं आपल्याकडे कुणी नेत नसे. "फारीनचे लोकं नेतात असे लेकरं," मावशी सांगायची. "आपले लोकं नाक-डोळे, हातपाय, समदं मोजून पाह्यतात. बैल घेऊन राह्यले जसे." या पोरीसाठी परदेशातलं कुणी आलं नव्हतं. येईल याची वाट बघत ती झोळीत मोठी झाली असती.

त्याच हिवाळ्यात ऊर्जानगरचा एक फिटर माझ्या दवाखान्यात आला. खांदा धरला होता. उपचार चालू असताना बोलता बोलता म्हणाला, आम्हाला मूल नाही, दत्तक घ्यायचा विचार आहे. मी त्याला शिशुगृहाबद्दल सांगितलं. पुढल्या खेपेला तो बायकोला घेऊन आला. बौद्ध घरातली साधी माणसं. ती हळू बोलायची. तिची सासू कित्येक वर्षं लुळी होऊन अंथरुणावर होती आणि तिनं एकटीनं तिचं सगळं केलं होतं. ती म्हणाली, "भाऊ, पोरगा-पोरगी कोणतंबी चालते. काळं-गोरं चालते. फक्त हातपाय धड पायजे. मी लय केलं आता. माझ्यानं पुन्हा ते नाई होणार."

एवढी एकच अट. आणि मी, तिचं हे बोलणं ऐकता ऐकताच, मनात ठरवत होतो की पोरगी हिलाच द्यायची.

का, तर माझा हिशेब साधा होता. हिच्याकडे हात आहेत, जिद्द आहे. घर ऊर्जानगरला, माझ्या दवाखान्यापासून सायकलच्या अंतरावर. पोरगी माझ्या हाताखाली राहील. मी तिला उभी करीन. एकदा ती चालायला लागली, घरात रुळली, की मग सांगू. तोवर ही आई तिला सोडणार नाही. लेकरू गळ्यात पडलं की अटी विरतात, हे मी बघितलं होतं.

ते जोडपं एका रविवारी आलं. त्याआधी सरकारी डॉक्टर तपासून गेला. छाती, डोळे, कान, वजन. जाता जाता मला म्हणाला, "हातपाय तू दर रविवारी बघतोस. ठीक ना?"

"ठीक," मी म्हणालो. तो माझ्यावर विश्वास ठेवून निघून गेला.

त्या नवराबायकोनं आपसांत ठरवलं होतं की आपण कुठलं मूल निवडायचं नाही. जे आपणहून आपल्याकडे येईल ते आपलं. नवऱ्यानं हे मला व्हरांड्यात जरा लाजतच सांगितलं. मी मावशीकडे गेलो आणि म्हणालो, "बाई पहिल्यांदा आल्यात. रिकाम्या हातानं कशाला पाठवायचं? बांगड्या भरा."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "भाऊ, तुमी लय चालू."

तिनं त्या बाईला पाटावर बसवलं. "लेकरू घ्याले आल्या, म्हणजे बाळंतीणच ना बाप्पा तुमी. कुंकू चालते का?"

"कुंकू नाई लावत आम्ही," ती म्हणाली. "बांगड्या घाला."

मावशीनं तिच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या चढवल्या, आपल्या हातात होत्या तशाच. त्या भाचीला पाठवून आणवल्या होत्या; स्वतःच्या मात्र काढून ठेवल्या होत्या, म्हणजे आवाज एकीच्याच हातातून येईल. मी तोवर आतल्या खोलीत पोरीचा तळहात गोणपाटानं चोळत होतो. थंडीचे दिवस, म्हणून पायात लोकरीचे मोजे घातले. मोज्यात चवडा दिसत नाही. चटई खरखरीत बघून घातली, कारण गुळगुळीत फरशीवर तिची मूठ मिटायची.

सगळी लेकरं खाली सोडली. ती बाई चटईच्या टोकाला बसली, अवघडून, हात मांडीवर घट्ट. एक लेकरू भिंतीकडे गेलं. एक जागच्या जागी बसून आपल्या मोज्याशी खेळू लागलं. मग त्या बाईनं कपाळावरचे केस मागे सारायला हात वर केला.

बांगड्या वाजल्या.

पोरगी निघाली. सरळ, चारही हातापायांवर, उजवा तळवा उघडा. बाकीचीही वळली, पण तिला मी सगळ्यांत पुढे ठेवलं होतं. ती त्या बाईच्या गुडघ्याशी पोचली आणि बांगड्यांना हात घातला. डाव्या हातानं. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. ती बाई रडत होती.

नवरा म्हणाला, "मी नशीब-बिशीब मानत नाई. देव तर नाईच मानत. पण सांगा भाऊ, हे काऊन आली आमच्याकडंच?"

"मुलांना कळतं," मी म्हणालो.

मला आजही त्या कामाची लाज वाटत नाही. पुन्हा तोच रविवार आला तर मी पुन्हा तेच करीन, मोज्यासकट. डॉक्टरला खोटं बोललो, त्या आईची अट मोडली, हे खरं आहे. पण ती पोर घरी गेली. कागदपत्रं, कोर्ट, सगळं रीतसर होऊन उन्हाळ्याआधी ती ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये होती.

मी 'ओळखीचा डॉक्टर भाऊ' म्हणून जात राहिलो. तिच्या आईला मालिश शिकवली, सगळ्याच लेकरांना करतात असं सांगून. ती मालिश ती इतक्या निगुतीनं करायची की मला हेवा वाटे. एक-दोनदा सांगायचं तोंडावर आलं. चहा आला, नवरा वीज केंद्राच्या बसनं घरी पोचला, विषय बदलला. मी बदलू दिला.

मग ती पडली. आईच्या कडेवर होती, क्वार्टरच्या जिन्यात आईचा पाय घसरला, आणि पोर खालच्या पायरीवर आपटली. कपाळावर टेंगूळ आलं, दुसरं काही नाही. मी तपासलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बांगड्यांशी खेळत होती.

पण त्यानंतर काही महिन्यांनी ती चालायला लागली, आणि उजवा पाय दिसू लागला. रांगताना मोजे झाकतात, चालताना झाकत नाहीत. चवडा टेकतो, टाच उचललेली. आई तिला घेऊन माझ्या दवाखान्यात आली, एकटी, नवऱ्याला न सांगता. पोरीला माझ्या टेबलावर बसवलं आणि उभ्या उभ्या विचारलं, "भाऊ, माझ्या हातून पडली, म्हणूनच झालं ना हे?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. गेले कितीतरी महिने ते मी तयार ठेवलं होतं. तो पाय आधीपासूनचा आहे, बाई, मला माहीत होतं, मी लपवलं. एवढंच. पण मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझ्या मनात एक विचार आला, तो असा: ही चूक स्वतःची समजते, तोवर ही पोरीला कधीच सोडणार नाही.

"असू शकतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. जणू हेच ऐकायला आली होती. "तुमी कोणाले सांगू नोका. ह्याईले तर अजिबात नाई."

म्हणजे बघा, मी तिच्याकडून काही लपवलं होतं, आणि आता ती माझ्याकडे काही लपवायला देत होती. मी ते घेतलं.

पोरीचं सगळं मी म्हटलं तसंच झालं. यात माझा अंदाज चुकला नाही. कितीतरी वर्षं त्या दोघी माझ्याकडे येत राहिल्या. ताण, पट्ट्या, बूट, पायऱ्या चढणं-उतरणं. पोरगी कंटाळून ओरडायची, "काका, आज सुट्टी द्या ना," आणि तिची आई म्हणायची, "काई सुट्टी नाई." ती सायकल शिकली. लंगडते, पण लांबून कळत नाही. आता शाळेत शिकवते. दत्तक आहे हे तिला लहानपणापासून माहीत आहे. बांगड्यांची गोष्ट तर तिच्या घरात सणासारखी सांगतात. मी समोर असलो की मला सांगायला लावतात. मी सांगतो. चांगली सांगतो.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की त्या दोन शब्दांनी नुकसान काही झालं नाही. उलट आई आणखी जपून वागली, पोरीचं भलंच झालं. हे मी इतक्यांदा म्हटलं की ते मला खरं वाटू लागलं होतं.

यंदा त्या पोरीला मुलगा झाला. नाव ठेवण्याचा कार्यक्रम होता, मलाही बोलावणं होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं. पुढे बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, पांढरी फुलं. पोरीची आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती आणि नातू तिच्या मांडीवर. केस पांढरे झालेत, पण हातात हिरव्या बांगड्या तशाच. त्या दिवसानंतर तिनं कधी दुसऱ्या रंगाच्या घातल्या नाहीत. वंदनेची वेळ झाली. कुणीतरी म्हणालं, "आजी, उठा, नातवाले घेऊन समोर या."

तिनं मूल पटकन पोरीकडे दिलं. "तू घे. मी खाली बसूनच घेते त्याले."

"अवं घे ना आई."

"नको म्हणलं ना. उभ्यानं नाई घेत मी. माझे हात चांगले नाईत."

पोरगी हसली आणि माझ्याकडे वळली. "काका, बघा ना. मी एकदा पडली म्हणे हिच्या हातून, तेव्हापासनं ही कोणाचंच लेकरू उभ्यानं घेत नाई. शेजारच्यांचंबी नाई. तुम्ही तरी सांगा तिला."

सगळे माझ्याकडे बघत होते. तिच्या आईनंही बघितलं. तिच्या नजरेत भीती होती, की त्या पडण्यानंच पाय असा झाला, हे तिचं गुपित मी फोडीन. मी म्हणालो, "आजीला गुडघ्याचा त्रास आहे. बसू दे." आणि ती माझ्याकडे बघून हलकेच, उपकार मानावे तशी, हसली.

ते हसू घेऊन मी घरी आलो. त्यानंतर हे लिहायला बसलो.

माझं दवाखान्याचं काम अजून चालू आहे. रोज कुणा ना कुणा आईला मी सांगतो की लेकराला असं धरा, तसं उचला, घाबरू नका, तुमच्या हातून काही होत नाही. आणि जिनं माझ्या शब्दावर सगळ्यांत जास्त मेहनत केली, तिचेच हात मी तिच्यापासून काढून घेतले. आजारात नाही, अपघातात नाही, दोन शब्दांत.

तो पाय आधीपासून तसा होता. मला ते माहीत होतं. तुमच्या हातून पडली म्हणून काही झालं नाही. तुमचे हात चांगले आहेत. हे तिच्या घरी जाऊन, तिच्या नवऱ्यासमोर आणि पोरीसमोर, मी तिला सांगायचं बाकी आहे.